पास्ता वाट बघत नाही: इटलीचं घरचं जेवण शिकण्याचा एक रस्ता

बोलोन्यात मी वर्षभर एका आजींच्या घरी खोली भाड्याने घेऊन राहिले. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "आ ताव्होला!" म्हणजे पानं घेतली आहेत, या. मी फोनवर होते. "पाच मिनिटांत आलेच," म्हणाले आणि गेले आठ मिनिटांनी. माझ्या ताटलीतल्या ताल्यातेल्लेचा, म्हणजे पट्ट्यांसारख्या पास्त्याचा, एव्हाना गोळा झाला होता आणि आजी स्वतःचं संपवून नाशपती सोलत बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पास्ता पाण्यात टाकायच्या आधी माझ्या दारावर टकटक करून विचारू लागल्या, "बुत्तो?" टाकू का?

हा प्रश्न इटलीत घरोघरी ऐकू येतो. कामावरून परतणारा नवरा रस्त्यातून फोन करतो, तेव्हाही घरून हेच विचारतात. पाककृती मी पुढे खूप लिहून घेतल्या, पण त्या जेवणाची किल्ली मला या एका शब्दात सापडली. आपल्या पानात क्रम असतो तो जागेचा. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, आणि सगळं एकदम समोर. त्यांच्याकडे क्रम वेळेचा. एका वेळी एकच पदार्थ, तो संपला की पुढचा. हे डोक्यात बसलं की बाकीचे नियम आपोआप उलगडत जातात: पास्ता चपातीसारखा बाकीच्या पदार्थांबरोबर का खात नाहीत, त्यात पाच भाज्या का कोंबत नाहीत, दुधाची कॉफी जेवणानंतर का घेत नाहीत.

खाली लिहिलंय ते मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने. प्रत्यक्षात बरंचसं उलटं शिकले.

पहिली पायरी: एक प्रांत निवडा

इटली हे एक राष्ट्र झालं १८६१ साली. स्वयंपाकघरं अजून झालेली नाहीत. आज २० प्रांत आहेत आणि प्रत्येकाला शेजारच्याचं जेवण किंचित विचित्र वाटतं. आपल्याकडे कोकणस्थाला खान्देशी शेवभाजी वाटते तसंच. ढोबळ नकाशा असा: उत्तरेला लोणी, तांदूळ आणि मक्याच्या जाडसर पिठाची पोलेन्ता. मध्ये एमिलियात, म्हणजे बोलोन्याच्या भागात, अंड्यात भिजवलेला ताजा पास्ता. दक्षिणेला ऑलिव्ह तेल, टोमॅटो, वांगी आणि नुसत्या रव्या-पाण्याचा वाळवलेला पास्ता. डिसेंबर २०२५मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याच बैठकीत आपली दिवाळीही यादीत गेली. दिवाळीचा फराळ घरागणिक वेगळा असतो, तसंच तिकडचंही समजा.

म्हणून एकदम सगळी इटली शिकायला जाऊ नका. एक प्रांत घ्या आणि महिनाभर तिथेच राहा. शाकाहारी असाल तर लिगुरिया (जेनोव्हाचा किनारा) किंवा पुल्या (नकाशावर बुटासारख्या दिसणाऱ्या इटलीची टाच). मासे खात असाल तर कम्पानिया, म्हणजे नापोली आणि आसपास. एमिलियापासून सुरुवात करू नका असं मी, तिथे राहूनही, सांगेन. तिथलं सगळं मांस, लोणी आणि अंड्यांवर उभं आहे आणि हात बसायला वेळ लागतो.

दुसरी पायरी: आधी घरातले डबे उघडा

परदेशी सामानाच्या दुकानात जाण्यापूर्वी स्वतःच्या फडताळात बघा. खपली गहू असेल. तोच इटलीत 'फार्रो' म्हणून विकतात. तोस्कानात, विशेषतः गारफान्याना खोऱ्यात, त्याचं कडधान्य घालून दाट सूप करतात. बन्सी रवा असेल. बन्सी हा ड्युरम जातीचा गहू, आणि इटलीतला सुका पास्ता १९६७च्या कायद्याने ड्युरमच्या रव्याचाच असावा लागतो. बेसन आहे, काबुली चणे आहेत, मसूर आहे. फालुद्यातला सब्जा आहे. तो कुंडीत पेरलात तर उगवणारं झाड बेझिलच्याच जातीचं. वास जेनोव्हाच्या बेझिलइतका गोड येत नाही, पण टोमॅटोच्या सॉसवर दोन पानं तोडून टाकायला चालतो. तुळस मात्र चालत नाही. मी करून पाहिलंय. काढ्याची चव येते.

आता विकत घ्यायचं ते. चांगला सुका पास्ता: पाकिटावर घटकांत ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढंच असावं, आणि पास्त्याचा पृष्ठभाग पिठूळ, खरबरीत, फिकट दिसावा. तुळतुळीत पिवळाधमक असेल तर सॉस त्यावरून घसरतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल गडद बाटलीतलं, लहान आणि ताजं. मोठा डबा आणून वर्षभर पुरवू नका. सोललेल्या अख्ख्या टोमॅटोंचे डबे, ज्यांना 'पेलाती' म्हणतात. वाळवलेली रोझमेरी नको, ताजी मिळाली तरच. आणि एक तुकडा चीज.

चीजबद्दल शाकाहारी वाचकांनी इथेच थांबून वाचावं. पार्मिजानो रेज्जानो हे वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या रसाने) विरजलेलं असतं. परंपरेने आणि नियमानेही. ग्राना पादानोचीही तीच गोष्ट, आणि पेकोरिनो रोमानोत रेनेट कोकराचं. त्यामुळे एखादा पदार्थ 'व्हेज' असला तरी वर किसलेलं चीज तसं नसतं. भारतात बनणारी काही कडक चीजं सूक्ष्मजीवांच्या रेनेटची असतात, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. पण मला त्याहून आवडलेला उपाय दक्षिण इटलीचाच आहे. जिथे चीज परवडत नसे तिथे लोक शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात खरपूस परतून पास्त्यावर भुरभुरत. कालाब्रिया आणि सिसिलीत आजही करतात. दोन दिवसांचे लादीपाव हाताने चुरा, दोन चमचे तेलात मंद आचेवर बदामी करा, चिमूटभर मीठ. झालं.

न आणायच्या वस्तूही सांगते: ओरेगानोची पुडी (ओरेगानो इटलीत आहे, पण काही मोजक्याच पदार्थांत, आणि मुख्यतः दक्षिणेत), बाटलीतला पास्ता सॉस, आणि मैद्याच्या पांढऱ्या सॉसचं तयार मिश्रण. पांढरा सॉस तिथे लाझान्यात थरांमध्ये जातो. पेन्नेवर पातेलंभर ओतत नाहीत.

तिसरी पायरी: हाताला फोडणी विसरायला लावा

सगळ्यात अवघड हीच. आपला हात कढई तापवून, धूर येईतो थांबून, मोहरी तडतडवायला शिकलेला. इथे लसूण थंड तेलात घालायची आणि मग खाली बारीक आच लावायची. पाकळी सोलून सुरीच्या पात्याने दाबलेली, अख्खीच. तिच्याभोवती बुडबुडे येतात, कडा सोनेरी होतात, आणि बऱ्याच घरांत ती त्याच क्षणी बाहेर काढून टाकतात. तेलाला वास लागला, तिचं काम संपलं. लसूण तपकिरी झाली तर तेलासकट फेकून पुन्हा सुरू करा, पुढे काही दुरुस्त होत नाही.

दुसरा पाया म्हणजे सोफ्रित्तो: कांदा, गाजर आणि सेलरीचा दांडा, तिन्ही मसुरीच्या दाण्याएवढे बारीक. ऑलिव्ह तेलात, मंद आचेवर, चिमूटभर मिठासह पंधरा मिनिटं. कांदा लाल करायचा नाही, तो फक्त पारदर्शक आणि मऊ व्हायला हवा. गॅस मोठा करायची खाज सुटते. करू नका.

आणखी एक गोष्ट आजींकडून कळली. रोजच्या साध्या सॉसमध्ये कांदा किंवा लसूण यातलं एकच येतं. दोन्ही घालणारेही आहेत, पण विचारलंत तर बहुतेक गृहिणी एक बाजू घेतील. आपल्याकडे आलं-लसणाचं वाटण आणि कांदा दोन्ही नसेल तर 'काही घातलंच नाही' असं वाटतं. तिथे तीन वस्तूंच्या पदार्थात चौथी घातली की विचारतात, ही कशासाठी?

चौथी पायरी: टोमॅटोची स्पॅगेटी, नीट

चार माणसांना ३२० ग्रॅम स्पॅगेटी. हे कमी वाटेल, पण माणशी ८० ग्रॅम हेच घरचं माप. त्यानंतर अजून काहीतरी यायचं असतं.

सॉस आधी. रुंद तव्यात चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दोन पाकळ्या लसूण वर सांगितल्याप्रमाणे. पेलातीचे ४०० ग्रॅमचे दोन डबे वाडग्यात ओतून हाताने कुस्करा आणि घाला. ताजे टोमॅटो घ्यायचे तर किलोभर, पूर्ण पिकलेले; उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून साल काढा, बिया थोड्या झटका. आपले टोमॅटो पाणचट आणि आंबट असतात, त्यामुळे ते जास्त वेळ शिजवावे लागतात आणि चिमूटभर साखर लागते. साखरेला लाजू नका, तिकडच्या आज्याही घालतात. मीठ घाला, झाकण न ठेवता १५ ते २० मिनिटं. तेल कडेला सुटू लागलं की बंद.

पाणी. एका लिटरला १०० ग्रॅम पास्ता आणि १० ग्रॅम मीठ. चार माणसांना साडेतीन-चार लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ. पाणी खळखळून उकळल्यावर मीठ, मग पास्ता. पाण्यात तेल घालू नका. त्याने पास्ता सुटा होत नाही, नुसता तेलकट होतो आणि सॉस धरत नाही. सुटा ठेवायचा तर पहिलं मिनिटभर ढवळा. स्पॅगेटी मोडू नका, टोकं मऊ झाली की आपोआप वाकतात.

पास्ता पाण्यात टाकायच्या आधी माणसं टेबलाशी आहेत ना, बघा. हीसुद्धा कृतीचीच पायरी आहे.

पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक काडी चावून बघा. मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. वाटीभर पाणी बाजूला काढा. पास्ता चिमट्याने उचलून थेट सॉसच्या तव्यात घाला, अर्धी वाटी पाणी ओता, आच मोठी करा आणि दीड-दोन मिनिटं सतत हलवत राहा. पास्त्याची शेवटची शिजण इथे होते. पाण्यातली पिठी आणि तेल एकजीव होऊन सॉस चकचकीत होतो, काडीला बिलगतो. पास्ता नळाखाली धुवायचा आणि वर सॉस ओतायचा ही सवय असेल तर आजपासून बंद. गॅस बंद करून बेझिलची पानं हाताने तोडून घाला. खोलगट ताटलीत, लगेच.

खाली सॉस उरला की पावाच्या तुकड्याने ताटली पुसून घ्यायची. याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात, म्हणजे छोटा बूट. शिष्टाचाराच्या वर्गात नापास, घरात पहिला नंबर. पाव एरवी पास्त्याबरोबर खात नाहीत. पाव येतो तो पुढच्या पदार्थासोबत, लोण्याशिवाय. तोस्कानात तर तो बिनमिठाचा असतो. पहिल्या घासाला मला वाटलं बेकरीवाला विसरला.

पाचवी पायरी: चकोल्यांची मावसबहीण

इटलीतलं 'गरिबांचं जेवण' ज्याला म्हणतात त्यातला माझा सगळ्यात लाडका पदार्थ पास्ता ए चेची, म्हणजे काबुली चण्यांतला पास्ता. रोममध्ये करतात, दक्षिणेत करतात, प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला सरळ चकोल्या आठवल्या, किंवा वरणफळं म्हणा. आपण कणकेचे तुकडे आमटीत सोडतो; तेही ताजा पास्ता कापून उरलेले वेडेवाकडे तुकडे कडधान्यात सोडतात. त्या तुकड्यांचं नावच मुळी 'माल्ताल्याती', वाईट कापलेले.

पाव किलो काबुली चणे रात्रभर भिजवा. सकाळी पाणी बदलून, एक रोझमेरीची काडी आणि लसणीची पाकळी घालून कुकरला लावा, अगदी मऊ. (कुकर इटालियन घरांतही असतो, संकोच नको.) अर्धे चणे घोटून पुन्हा त्याच पाण्यात मिसळा. पातेल्यात तीन चमचे ऑलिव्ह तेल, एक पाकळी लसूण, रोझमेरी, हवी तर सुकी मिरची एक. सुवास आला की मिरची सोडून सगळं काढून टाका. चमचाभर टोमॅटोची घट्ट पेस्ट परता, चणे घाला, मीठ घाला, पाण्याने आमटीपेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ करा. उकळी आल्यावर १६० ग्रॅम बारीक नळीचा पास्ता त्यातच शिजवा. घरात चकोल्यांची कणीक उरली असेल तर तिचे तुकडेही चालतात, फक्त हळद-ओवा नसावा. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवा. हा एक पास्ता खरंच वाट बघतो. वाढताना वर कच्चं ऑलिव्ह तेल आणि भरपूर मिरी.

रोममध्ये त्यात वितळवलेली आच्चूगे, म्हणजे खारवलेली छोटी मासळी, बरेचदा असते. तिथे बाहेर खाणार असाल तर विचारून घ्या.

सहावी पायरी: बेसन

लिगुरियाची फरिनाता म्हणजे भट्टीतलं धिरडं. दंतकथा अशी की १२८४ सालच्या मेलोरियाच्या लढाईनंतर परतताना जेनोव्हाच्या गलबतांना वादळाने गाठलं, तेलाची पिंपं आणि चण्याच्या पिठाची पोती फुटून खाऱ्या पाण्यात एकत्र झाली आणि खलाशांनी तो रबडा उन्हात वाळवून खाल्ला. कथा खरी असो नसो, जिन्नस तेच आहेत: पीठ, पाणी, तेल, मीठ.

२५० ग्रॅम बेसन, पाऊण लिटर पाणी. गुठळ्या मोडून कालवा आणि निदान पाच तास झाकून ठेवा. वर फेस येतो तो चमच्याने काढून टाका. आठ ग्रॅम मीठ घाला. ओव्हन चालेल तेवढा तापवा, २५० अंश मिळाले तर उत्तम. मोठ्या पसरट ट्रेमध्ये सहा-सात चमचे ऑलिव्ह तेल ओतून पीठ घाला. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच हवा. काट्याने किंचित हलवा म्हणजे तेल वर येईल. २० ते २५ मिनिटं, वर तांबूस ठिपके येईपर्यंत. वर मिरी, आणि गरम गरम. बाहेरून कुरकुरीत, आतून जवळजवळ खीर. ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालावीशी वाटेल. घालाल तेव्हा ते छान धिरडं होईल, फरिनाता राहणार नाही.

सिसिलीतल्या पालेर्मोला तर मी हसतच सुटले. तिथे बेसन पाण्यात शिजवून घट्ट करतात, थापतात, वड्या कापतात, तळतात आणि लिंबू पिळून पावात घालून रस्त्यावर विकतात. नाव पनेल्ले. पाटवडी आणि वडापाव यांचं लग्न लागलंय आणि आपल्याला कुणी बोलावलं नाही!

जाता जाता, कोकण-गोव्याच्या वाचकांसाठी

स्पॅगेटी आल्ले व्होंगोले म्हणजे तिसऱ्यांतली (शिंपल्यांतली) स्पॅगेटी. नापोलीत नाताळच्या आदल्या रात्री होते, कारण त्या रात्री मांस वर्ज्य असतं. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून वाळू सोडू द्या. तेल-लसूण, तिसऱ्या, थोडी पांढरी वाइन, झाकण. उघडल्या की खाली काढा, न उघडलेल्या फेका. त्यांचं सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून घ्या, तोच सॉस. त्यात पास्ता शेवटची दोन मिनिटं शिजवा, पार्सली टाका. खोबरं नाही, कोकम नाही, आणि चीज तर अजिबात नाही. माशांच्या पास्त्यावर चीज मागितलंत तर वाढणारी बाई देईल, पण तुमच्याकडे बघणार नाही.

सातवी पायरी: दिवस कसा जातो

न्याहारी गोड आणि चिमूटभर. घरी दुधाच्या कॉफीत बुडवलेली बिस्किटं, बाहेर असाल तर बारमध्ये उभ्याउभ्या कापुच्चीनो आणि कोर्नेत्तो, म्हणजे चंद्रकोरीसारखा गोड पाव. 'बार' म्हणजे तिथे कॉफीचं दुकान, दारूचा अड्डा नव्हे. बसलात तर अनेक ठिकाणी तीच कॉफी महाग पडते. पोहे-उपम्याची सवय असलेल्या पोटाला अकरा वाजता भूक लागते, ती सोसावी लागते.

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते दोनमध्ये. लहान गावांत दुकानं त्या वेळी बंद होतात. चार-पाचला मुलांना मेरेन्दा, म्हणजे मधल्या वेळचं: पाव-जॅम, फळ. रात्रीचं जेवण उत्तरेला साडेसात, दक्षिणेला नऊही.

क्रम असा: आधी प्रीमो, म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. मग सेकोन्दो, म्हणजे मांस, मासा, अंडं किंवा चीज, आणि त्याबरोबर कोन्तोर्नो, शिजवलेली भाजी वा सॅलड. मग फळ. मग कॉफी, काळी आणि घोटभर. सुरुवातीचा आन्तीपास्तो आणि शेवटचं गोड हे रविवारचं आणि सणाचं. रोजच्या दिवशी प्रीमो आणि एखादी भाजी-चीज एवढ्यावरच भागवतात. हॉटेलात चारही मागवलेच पाहिजेत असंही नाही.

वारांचाही हिशेब असतो. रोममध्ये गुरुवार न्योक्कींचा, म्हणजे बटाट्याच्या छोट्या उकडलेल्या गोळ्यांचा, शुक्रवार माशांचा. आपला शनिवारचा उपास आणि सोमवारचा साबुदाणा आठवून पाहा. पोट बिघडलं की 'इन बियान्को' खायचं: पांढरं, म्हणजे नुसता पास्ता किंवा भात, वर कच्चं तेल किंवा लोणी. मला ताप आला तेव्हा आजींनी ते वाढलं आणि मला मेतकूट-मऊ भातच डोळ्यांसमोर आला.

घरातली कॉफी मोकात होते. ॲल्युमिनियमचं हे अष्टकोनी भांडं १९३३ सालचं, बियालेत्तींचं. पाणी आतल्या झडपेच्या खालपर्यंत, कॉफी शीग लावून पण दाबायची नाही, आच बारीक. गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा, उशीर केलात तर जळकी कडू लागते. धुताना साबण लावत नाहीत, नुसतं पाणी.

आठवी पायरी: तिथे गेलात तर

घरचं जेवण हॉटेलात शोधणं कठीण. पण तीन दारं उघडी असतात. पहिलं साग्रा, गावजत्रेतलं जेवण. एखाद्या गावाचा चेस्टनट, कांदा, कोळंबी, जे प्रसिद्ध असेल त्याची जत्रा. गावातले स्वयंसेवक मोठ्या भांड्यांत रांधतात, लांब बाकांवर बसून कागदी ताटलीत खायचं. भिंतींवर लागलेले पोस्टर वाचत जा. दुसरं अग्रितुरिझ्मो, शेतावरचं राहणं-जेवण, जिथे बरंचसं ताटात येतं ते त्याच शेतातलं. तिसरं, सकाळचा बाजार. विक्रेत्याला विचारा, याचं काय करू? पाककृती, तिची आजी आणि शेजाऱ्यांची चूक असं सगळं ऐकायला मिळतं. मात्र भाजी स्वतः चिवडू नका, तो देतो. सुपरमार्केटात स्वतः घ्यायची असते तेव्हा प्लास्टिकचा हातमोजा घालून, वजन करून, चिठ्ठी चिकटवून.

पुल्यात गेलात तर बारी शहराच्या जुन्या भागात जा. गल्लीत बायका दारात पाट मांडून रव्याच्या कणकेचे तुकडे सुरीने ओढत अंगठ्यावर उलटवतात आणि कानासारखी ओरेक्कियेत्ते पडत जाते. लग्नघरात गव्हले, मालत्या, नखुल्या करणाऱ्या आपल्या मावशा-काकूंना तिथे बसवलं असतं तर दहा मिनिटांत भाषेची गरज उरली नसती.

शाकाहाऱ्यांनी 'सेन्झा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर विसंबू नये. काहींच्या लेखी हॅमचे तुकडे म्हणजे मांस नव्हे, चव. पुरुषांनी 'सोनो वेजेतारियानो' आणि बायकांनी 'सोनो वेजेतारियाना' म्हणा आणि हे शब्द ओळखून ठेवा: ब्रोदो (रस्सा, बहुधा मांसाचा; रिसोत्तो नावाच्या भातात हमखास), स्त्रुत्तो (डुकराची चरबी; रोमान्याच्या पियादीना नावाच्या पोळीत असते), गुआन्चाले आणि पान्चेत्ता (डुकराचं मांस), आच्चूगे, आणि कोल्ला दी पेशे. या शेवटच्याचा शब्दशः अर्थ माशाचा डिंक, पण ते जिलेटिन असतं आणि पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात जातं. तिरामिसूत कच्ची अंडी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी 'सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो' पाठ करावं.

घरी जेवायला बोलावलं तर रविवारी दुपारी मिठाईवाल्याकडून छोट्या पेस्ट्रींचा ट्रे कागदात बांधून, वर फीत लावून न्यायचा. गावभर असे ट्रे हातात धरून चाललेली माणसं दिसतात. फुलं नेणार असाल तर शेवंती सोडून काहीही. आपल्याकडे ती देवाला आणि वेणीत, तिथे ती २ नोव्हेंबरला कबरींवर. मी एकदा पिवळी शेवंती घेऊन गेले होते. यजमानांनी आभार मानले, फुलं आतल्या खोलीत ठेवली आणि विषय बदलला. कारण मला आजींनी घरी आल्यावर सांगितलं.

सगळ्यांच्या ताटल्या भरेपर्यंत थांबा, 'बुओन आपेतीतो' झालं की सुरू. पास्ता पुन्हा घ्याल का विचारलं तर घ्या, पण पुढे सेकोन्दो आहे हे लक्षात ठेवून. मी दोनदा फसले.

उरलेलं

पास्ता उरायला नको, तरी उरतो. नापोलीत दुसऱ्या दिवशी त्याचा ऑम्लेट करतात, आपण फोडणीची पोळी करतो तसं. चार माणसांच्या उरलेल्या स्पॅगेटीला, म्हणजे साधारण अडीच-तीन वाट्यांना, चार अंडी फेटून, मूठभर चीज, मीठ-मिरी. जाड बुडाच्या तव्यात दोन चमचे तेल, मिश्रण दाबून पसरा, मध्यम ते मंद आचेवर दहा मिनिटं. तव्यावर ताटली पालथी घालून झटक्यात उलटा, तेलाचे दोन थेंब सोडून दुसरी बाजू आठ मिनिटं. पहिल्यांदा उलटताना ओट्यावर पडतं, सिंकजवळ उभं राहून करा. गरम खायची घाई नको. थंड झाल्यावर त्रिकोण कापून कागदात गुंडाळायचे आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सहलीला किंवा उन्हाळ्यात समुद्रावर न्यायचे. मी ते मुंबई-पुणे गाडीत खाते, कर्जत आलं की.